अपाची पुढं, टॉमकॅट मागं: मधला प्लग-इन जोडताना

गेटपासचं ॲप्लिकेशन माझ्या लॅपटॉपवर पहिल्या दिवसापासून चालत होतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात ते सर्व्हरवर चढवलं, पुढं अपाची हा वेब सर्व्हर, मागं जावाची ॲप्लिकेशनं चालवणारा टॉमकॅट, आणि मधला प्लग-इन जोडायला बसलो. दुपारच्या चहाआधी होईल, असं मालकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. झालं तिसऱ्या दिवशी रात्री. चूक निघाली एका ओळीत. टॉमकॅट एका पत्त्यावर कान देऊन बसला होता आणि प्लग-इन दुसऱ्याच पत्त्यावर हाका मारत होता.

ही जोडणी तशी अवघड नाही. तीन फायलींत तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पत्ता-पोर्ट, गुपित शब्द आणि वर्करचं (प्लग-इन ज्याच्याकडं काम पाठवतो त्या टॉमकॅटचं) नाव. घोळ असा, की त्या जुळल्या नाहीत तरी प्रत्येक फाइल आपल्या जागी बरोबरच दिसते. म्हणून एका वेळी एकच पायरी चढायची, ती तपासायची, मगच पुढं जायचं. मी सगळं एकदम जोडलं आणि तीन दिवस घालवले.

एक आधीच सांगतो. फायलींची आणि आज्ञांची नावं मी खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करा.

## कोण काय करतं

आपल्याकडं हे समजावायला साखर कारखान्याचं गेट बरं पडतं. हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागते. गेटवरचा माणूस गाडीचा नंबर लिहून घेतो, चुकून आलेल्याला बाहेरच्या बाहेर परत पाठवतो. तो अपाची. खरं काम काट्यावर होतं, तो टॉमकॅट. आणि ‘तू एक नंबरच्या काट्यावर जा, तू दोनच्या’ असं सांगणारा मधला माणूस म्हणजे प्लग-इन. अपाची आणि टॉमकॅटच्या जोडीत त्याचं नाव मॉड-जेके. काट्याशी तो साध्या एचटीटीपीत बोलत नाही. त्यांची आपसांतली आखूड भाषा आहे, एजेपी, आवृत्ती १.३. तिचं ठरलेलं पोर्ट ८००९.

प्लग-इन हवाच का? एकच टॉमकॅट असेल आणि काम हलकं असेल, तर अपाचीतल्याच मॉड-प्रॉक्सी या भागानं एचटीटीपीवरून जोडलेलं पुरतं, आणि ते सोपंही आहे. मॉड-जेके मी दोन कारणांसाठी वापरतो. दोन-तीन टॉमकॅटवर गाड्या वाटायच्या असतील, तर त्याची वाटणी हाताला चांगली बसते. शिवाय मूळ ग्राहकाचा आयपी आणि ‘ही विनंती एचटीटीपीएसवरून आली’ ही माहिती एजेपी आपोआप आत पोचवते. साध्या प्रॉक्सीत त्यासाठी वेगळे हेडर आणि टॉमकॅटमध्ये तो हेडर वाचणारा वेगळा घटक, व्हॉल्व्ह, लावावा लागतो. तो विसरला की गेटपासच्या नोंदीत प्रत्येक माणूस १२७.०.०.१ वरून, म्हणजे त्याच मशीनवरून, आलेला दिसतो.

## १. बसण्याआधी जवळ काय हवं

- लिनक्स सर्व्हर आणि त्यावर सुडोचा, म्हणजे प्रशासकाचा, अधिकार. मी उबंटू धरून लिहितोय.
- जावा आणि टॉमकॅट. दोघांच्या आवृत्त्या कागदावर लिहून ठेवा.
- ॲप्लिकेशनची वॉर फाइल (सगळं ॲप्लिकेशन एकत्र बांधलेलं गाठोडं), आणि ती कोणत्या टॉमकॅटवर तपासली होती याचं उत्तर.
- अपाची २.४.
- डोमेन आणि प्रमाणपत्र. बाहेरून वापर असेल तरच.
- एक वही. हसू नका, पुढं तिचं काम पडणार आहे.

आवृत्तीचा आग्रह उगाच नाही. टॉमकॅट १० पासून जावाच्या पॅकेजांची नावं ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’ झाली. टॉमकॅट ९ साठी लिहिलेली वॉर फाइल १० च्या वेबॲप्स फोल्डरमध्ये टाकली तर टॉमकॅट चालू होतो, ॲप्लिकेशन मात्र उठत नाही, आणि तुम्ही प्लग-इनला शिव्या देत बसता. जुनं ॲप्लिकेशन असेल तर सरळ टॉमकॅट ९ घ्या. १० च घ्यायचा असेल, तर वॉर फाइल ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. तिथून टॉमकॅट ती स्वतः बदलून घेतो.

## २. टॉमकॅट एकटा चालवा

अपाचीला अजून हात लावू नका. त्याच मशीनवरून ८०८० पोर्टवर ॲप्लिकेशनचं पान उघडा. कर्ल वापरा किंवा ब्राउझर. लॉगिन करा, एखादी नोंद घाला, बाहेर पडा. इथं जे चालत नाही ते प्लग-इन लावून चालणार नाही.

## ३. अपाची एकटा चालवा

पोर्ट ८० वर त्याचं साधं पान दिसलं की झालं. दुसऱ्या मशीनवरूनही बघा, नाहीतर फायरवॉलचा दोष पुढं प्लग-इनच्या नावावर जातो. आणि ‘अपाचे-सीटीएल कॉन्फिगटेस्ट’ ही आज्ञा आत्ताच अंगवळणी पाडा. ‘सिंटॅक्स ओके’ आल्याशिवाय अपाची रीस्टार्ट करायचा नाही.

## ४. टॉमकॅटचा एजेपीचा दरवाजा उघडा

माझे तीन दिवस इथंच गेले, म्हणून इथं जरा थांबू.

इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ‘एजेपी आधीपासून चालूच असतो’ असं लिहिलेलं सापडेल. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ते खरं होतं. तेव्हा घोस्टकॅट नावाची त्रुटी उघड झाली: एजेपीचं पोर्ट बाहेरून कुणाला पोचता येत असेल, तर तो ॲप्लिकेशनच्या आतल्या फायली वाचू शकत होता. त्यानंतर ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ या आवृत्त्यांपासून टॉमकॅटनं तीन गोष्टी बदलल्या. एजेपीचा कनेक्टर, म्हणजे जोडणी आत घेणारा दरवाजा, मूळ फाइलमध्ये बंद ठेवला. पत्ता दिला नाही तर तो फक्त स्वतःच्या मशीनवरच ऐकतो. आणि गुपित शब्द सक्तीचा केला.

टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमधली ‘सर्व्हर.एक्सएमएल’ उघडा आणि एजेपी १.३ लिहिलेला कनेक्टर शोधा. तो टिप्पणीच्या खुणांमध्ये अडकवलेला असतो. सुरुवातीची खूण आणि शेवटची खूण, दोन्ही काढा. घाईत एकच काढली जाते आणि मग टॉमकॅटच उठत नाही.

आता त्या कनेक्टरमधल्या तीन गोष्टी बघा.

पत्ता. नमुन्यात तिथं दोन अपूर्णविराम आणि पुढं एक, ‘::१’, असं लिहिलेलं असतं. हा आयपी आवृत्ती ६ चा स्वतःचा पत्ता. प्लग-इनच्या फाइलमध्ये आपण लिहितो १२७.०.०.१, म्हणजे आवृत्ती ४ चा. दोन्हींचा अर्थ ‘हेच मशीन’, पण दरवाजे वेगळे. एकावर टॉमकॅट उभा, दुसऱ्यावर प्लग-इन दार ठोठावतोय. सर्व्हर.एक्सएमएलमधला पत्ता १२७.०.०.१ करा.

पोर्ट ८००९ तसंच राहू द्या.

गुपित शब्द. ‘सीक्रेट’ नावाचा गुणधर्म घालून लांबलचक शब्द द्या. त्यात फक्त अक्षरं आणि अंक ठेवा. ‘अँड’ची खूण, कोनी कंस, अवतरणचिन्ह घातलंत तर एक्सएमएल बिघडतं. शब्द दिलाच नाही तर एजेपीचा कनेक्टर सुरूच होत नाही, आणि लॉगमध्ये सीक्रेट रिकामं असल्याची तक्रार येते. यावर इंटरनेटवरचा लोकप्रिय तोडगा म्हणजे ‘सीक्रेट रिक्वायर्ड’ला ‘फॉल्स’ करणं. करू नका. बारा-पंधरा अक्षरं टाइप करायचा कंटाळा केला म्हणून गेट उघडं टाकण्यातला प्रकार आहे तो.

टॉमकॅट रीस्टार्ट करा. लॉगमध्ये ‘एजेपी-एनआयओ’ आणि त्यापुढं पत्ता-पोर्ट असलेली ‘स्टार्टिंग’ची ओळ दिसली पाहिजे. मग उघडी पोर्टं दाखवणारी ‘एसएस’ आज्ञा चालवा. ८००९ तिथं दिसायला हवं. पत्त्याच्या आधी अपूर्णविराम आणि चार एफ लागलेले दिसले तर घाबरू नका, जावा आवृत्ती ४ चा पत्ता तसा दाखवते.

टॉमकॅट दुसऱ्या मशीनवर असेल तर तिथला आतल्या नेटवर्कचा पत्ता द्या, आणि फायरवॉलमध्ये ८००९ फक्त अपाचीच्या मशीनला उघडा. एजेपीवरचा मजकूर कूटबद्ध नसतो. तो इंटरनेटवरून नेऊच नका.

## ५. प्लग-इन बसवा आणि वर्कर लिहा

उबंटूवर ‘लिब-अपाचे२-मॉड-जेके’ हे पॅकेज बसवलं की काम झालं. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर बहुधा सोर्स आणून ‘एपीएक्सएस’ या साधनाच्या साहाय्यानं स्वतः कंपाइल करावं लागतं. त्यासाठी अपाचीचं डेव्हल पॅकेज आधी हवं.

आता ‘वर्कर्स.प्रॉपर्टीज’ ही फाइल. उबंटूवर ती ‘ईटीसी’खाली पॅकेजच्याच नावाच्या फोल्डरमध्ये असते. वर्कर म्हणजे आपला काटा. त्याला नाव द्यायचं आणि पाच ओळी लिहायच्या:

वर्कर.लिस्ट=काटा१
वर्कर.काटा१.टाइप=एजेपी१३
वर्कर.काटा१.होस्ट=१२७.०.०.१
वर्कर.काटा१.पोर्ट=८००९
वर्कर.काटा१.सीक्रेट=तोच गुपित शब्द

होस्टच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहायचा मोह टाळा. त्याचा अर्थ आवृत्ती ४ की ६, हे मशीन ठरवतं. आपण ठरवलेलं बरं. या फाइलमध्ये आता पासवर्डसारखी गोष्ट आहे, तेव्हा ती सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवू नका.

उबंटूच्या तयार फाइलमध्ये वर्करचं नाव आधीच दिलेलं असतं, ‘एजेपी१३_वर्कर’. तेच ठेवलंत तरी चालेल. पण यादीत एक नाव, खालच्या ओळींत दुसरं आणि माउंटमध्ये (पुढच्या पायरीतली ओळ) तिसरं, असं होऊ देऊ नका. तिन्ही ठिकाणी नाव चिकटवा, हातानं टाइप करू नका.

## ६. कोणता रस्ता आत जाईल ते सांगा

ही माउंटची ओळ अपाचीच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये, म्हणजे त्या साइटपुरत्या सेटिंगमध्ये, जाते:

जेकेमाउंट /गेटपास|/* काटा१

मधल्या उभ्या रेघेमुळं ‘/गेटपास’ आणि ‘/गेटपास/’च्या पुढचं सगळं, दोन्ही एकाच ओळीत येतं. नुसतं ‘/गेटपास/*’ लिहिलंत आणि कुणी शेवटचा स्लॅश न देता पत्ता टाकला, तर त्याला ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, मिळेल. आणि कारखान्यात शेवटचा स्लॅश कोणीच देत नाही.

तीन खड्डे.

पहिला: माउंट मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये लिहिला आणि साइट व्हर्च्युअल होस्टवर चालतेय. माउंट आपोआप व्हर्च्युअल होस्टमध्ये उतरत नाही. त्यासाठी ‘जेकेमाउंटकॉपी’ आहे, पण मी प्रत्येक होस्टमध्ये ओळ स्वतः लिहितो. सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला सगळं समोर दिसतं.

दुसरा: ८० चा होस्ट वेगळा, ४४३ चा वेगळा. सर्टबॉट या साधनानं प्रमाणपत्र काढलंत तर तो ८० च्या फाइलची प्रत करून ४४३ ची नवी फाइल बनवतो. तुम्ही माउंट नंतर घातला आणि तो फक्त जुन्या फाइलमध्ये, तर कुलपाचं चित्र दिसतं, ॲप्लिकेशन दिसत नाही.

तिसरा: बाहेरचं नाव वेगळं हवं म्हणून ‘/पास’ असं माउंट करणं. मॉड-जेके रस्ता बदलत नाही, जसा आला तसा आत पाठवतो. आत ‘गेटपास’ नावाचं ॲप्लिकेशन असेल तर बाहेरही तेच नाव हवं. डोमेनच्या मुळाशीच ॲप्लिकेशन हवं असेल, तर वॉर फाइलचं नाव मोठ्या अक्षरांत ‘रूट’ करा आणि माउंट ‘/*’ लिहा.

आता कॉन्फिगटेस्ट, मग अपाची रीस्टार्ट. ध्यानात घ्या: वर्कर्स.प्रॉपर्टीज अपाची वाचतो, सर्व्हर.एक्सएमएल टॉमकॅट वाचतो. वर्करच्या फाइलमध्ये बदल करून टॉमकॅट दहा वेळा रीस्टार्ट करणारा माणूस मी बघितलाय. आरशात.

## ७. पान आलं नाही तर

आधी ओळखा, चुकीचं पान कुणी दिलं. टॉमकॅटचं ४०४ वेगळं दिसतं, आणि त्याखाली बहुधा टॉमकॅटची आवृत्ती छापलेली असते. अपाचीचं साधं असतं. या एका नजरेत निम्मी शोधाशोध वाचते.

अपाचीचं ४०४ म्हणजे माउंट लागलाच नाही. सहावी पायरी परत बघा. टॉमकॅटचं ४०४ म्हणजे प्लग-इननं आपलं काम केलं, आत ॲप्लिकेशन नाही किंवा नाव वेगळं आहे. ५०३ आला तर प्लग-इन दारापर्यंत पोचत नाही: पत्ता, पोर्ट, टॉमकॅट बंद, किंवा रेड हॅटच्या घराण्यात एसई-लिनक्स ही सुरक्षेची चौकट. तिथं अपाचीला बाहेर जोडणी करायची मुभा ‘एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट’ हे बुलियन चालू करून द्यावी लागते. एसई-लिनक्सच बंद करून टाकणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ४०३ आला तर सगळ्यात आधी गुपित शब्द दोन्हीकडं अक्षरन्‌अक्षर सारखा आहे का ते बघा.

मॉड-जेकेचा स्वतःचा लॉग असतो, अपाचीच्या एरर लॉगपासून वेगळा. त्याची पातळी एरवी ‘इन्फो’ ठेवा. अडलात तर ‘डीबग’ करा, पण काम झाल्यावर परत आणा, नाहीतर डिस्क भरते.

## ८. दुसरा काटा लावायचा असेल तर

एकाच मशीनवर दुसरा टॉमकॅट लावताना तीन पोर्टं बदला: ८००५, ८००९ आणि ८०८०. ८००५ हे बंद करण्याचं पोर्ट लोक विसरतात.

वर्करच्या फाइलमध्ये काटा२ लिहा, आणि ‘एलबी’ (लोड बॅलन्सर, म्हणजे काम वाटणारा) प्रकारचा तिसरा वर्कर बनवून ‘बॅलन्स वर्कर्स’मध्ये दोघांची नावं द्या. यादीत आता फक्त या तिसऱ्याचं नाव ठेवायचं, आणि माउंटही त्याच्याकडंच वळवायचा.

नव्यांना इथं एक भूत भेटतं. लॉगिन होतं, दुसऱ्या क्लिकला परत लॉगिनचं पान. साखर कारखान्याकडं परत या. समजा भरलेली गाडी एक नंबरच्या काट्यावर नोंदली आणि रिकामी दोनवर पाठवली, तर दोनवाला विचारणारच, ही गाडी कुठली? वापरणाऱ्याचं सेशन, म्हणजे त्याच्या लॉगिनची नोंद, पहिल्या टॉमकॅटच्या पोटात आहे. म्हणून प्रत्येक टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये ‘इंजिन’च्या ओळीत ‘जेव्हीएमरूट’ द्यायचा, आणि तो वर्करच्या नावाशी तंतोतंत जुळवायचा. बरोबर बसलं तर ब्राउझरमधल्या ‘जेसेशनआयडी’ कुकीच्या शेपटीला टिंब देऊन काट्याचं नाव दिसतं. मी आधी तेच बघतो, मग बाकी.

एक टॉमकॅट बंद करून चालू केलात की लगेच पळू नका. बॅलन्सर बिघडलेल्या वर्करला साधारण ६० सेकंद बाजूला ठेवतो. पहिल्यांदा मी त्या एका मिनिटात घाबरून तीन फायली बदलल्या होत्या.

## ९. वेळेची एककं

टॉमकॅटच्या एजेपी कनेक्टरमधला ‘कनेक्शन टाइमआउट’ मिलिसेकंदात असतो. मॉड-जेकेचा ‘कनेक्शन पूल टाइमआउट’ सेकंदात. दोघं जुळवायचे: इकडं ६०० तर तिकडं ६०००००. तीन शून्यं विसरली की टॉमकॅट जोडण्या तोडत राहतो आणि दिवसातून कधीतरी, कारण नसताना, एखादं पान अडकतं. टॉमकॅटच्या एका कनेक्टरला मूळ मर्यादा २०० थ्रेडची, म्हणजे एका वेळी २०० विनंत्या हाताळण्याची, आहे. एमआयडीसीतल्या गेटला ती पुरून उरते.

## १०. मराठी अक्षरं

आमच्या गेटपासमध्ये गावाच्या नावावरून शोध होता. ‘शिरोळ’ टाकलं की आत भलतीच चिन्हं पोचायची, आणि मी दोष प्लग-इनला देत होतो. तो टॉमकॅट ७ होता. त्या आवृत्तीपर्यंत वेब-पत्त्यातली अक्षरं मूळ सेटिंगनुसार युरोपीय संचातली समजली जायची; टॉमकॅट ८ पासून यूटीएफ-८ झालं. जुन्यावर असाल तर ‘यूआरआय एन्कोडिंग’ एजेपीच्या कनेक्टरवर लिहा. मी ते ८०८० च्या कनेक्टरवर लिहिलं होतं. म्हणून थेट उघडलं की शिरोळ बरोबर यायचं, आणि अपाचीमार्गे आलं की बिघडायचं. फॉर्मच्या पोटातून जाणाऱ्या मराठीसाठी ॲप्लिकेशनमध्ये एन्कोडिंगचा फिल्टर वेगळा लावावा लागतो.

## ११. उठण्याआधी

८०८० बंद करा, किंवा १२७.०.०.१ ला बांधून टाका. गेटवर माणूस बसवून मागची भिंत पाडलेली ठेवण्यात अर्थ नाही. टॉमकॅटचं मॅनेजर ॲप्लिकेशन लागत नसेल तर काढून टाका.

दोन्ही सेवा ‘सिस्टम-सीटीएल इनेबल’ करा आणि मशीन खरोखर बंद-चालू करून बघा. एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. वीज गेली, आली, मशीन उठलं, अपाचीही उठला; टॉमकॅट मी कधी इनेबलच केला नव्हता. गेटवर ५०३, मी कोल्हापुरात राजारामपुरीत आणि मधे पाणी. शेवटी कारखान्यात अडकलेल्या वॉचमनमामांना फोनवर एकेक अक्षर सांगून आज्ञा टाइप करायला लावली. ‘हायफन म्हणजे आडवी रेघ, मामा, खालची नव्हे मधली.’ वीस मिनिटं लागली.

म्हणून ती वही. सर्व्हर.एक्सएमएल, वर्कर्स.प्रॉपर्टीज आणि व्हर्च्युअल होस्टच्या दोन्ही फायली यांच्या प्रती दुसऱ्या मशीनवर ठेवा. वहीत आवृत्त्या, पोर्टं, वर्करची नावं आणि टॉमकॅट चालू करायची आज्ञा मोठ्या अक्षरांत लिहा. गुपित शब्द मात्र त्यात लिहू नका. वही गेटवरच ठेवा, मामांच्या टेबलाच्या खणात.